चिखलाची विजार

जर्मनीत चिखलात खेळायला वेगळी विजार मिळते. तिला ‘माचहोझं’ म्हणतात. ‘माच’ म्हणजे चिखल, ‘होझं’ म्हणजे विजार. रबरासारखं जाड कापड, खांद्यावरून पट्टे, पावलाखालून अडकवायला इलॅस्टिक, आणि शिवणीतून थेंबही आत जाणार नाही असं काम. धाकट्यासाठी पहिली विजार घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या बाईंनी दोन प्रकार समोर टाकले. एक बिनअस्तराची, उन्हाळी चिखलासाठी. दुसरी अस्तराची, हिवाळी चिखलासाठी. मी पिंगुळीचा. तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग. मिरग लागला की आमच्याकडे दसऱ्यापर्यंत चिखलच असतो आणि त्यावर आमच्या आईकडे एकच प्रकार होता, निगडीचा फोक. त्यालाही अस्तर नव्हतं.

विजार घेण्याचं कारण असं की आम्ही दोन्ही मुलं जंगलातल्या बालवाडीत घातली. थोरली आता आठ वर्षांची, ती शाळेत गेली. धाकटा पाचाचा, तो अजून जंगलातच आहे. ह्या बालवाडीला भिंती नसतात, छप्पर नसतं. एक लाकडी गाडी उभी असते, तीही अगदी हाडं गोठली तर आत बसायला. जर्मनीत सरकारी मान्यता मिळालेली असली पहिली बालवाडी १९९३ साली फ्लेन्सबुर्गला निघाली आणि मग हे लोण देशभर पसरलं. पोरं सकाळी जंगलात जातात, काठ्या गोळा करतात, चिखलाच्या भाकऱ्या थापतात आणि दुपारी घरी येतात. पावसात जातात, बर्फात जातात. वादळ असेल तर मात्र नाही, कारण झाड अंगावर पडलं तर त्याला अजून विजार निघालेली नाही. ‘खराब हवा नसतेच, चुकीचे कपडे असतात’ अशी इकडे म्हण आहे. ती ज्याने काढली त्याला जुलै महिन्यात एक छत्री देऊन झाराप तिठ्यावर उभं करावं, असं मला फार वाटतं.

ह्या सगळ्याची दरमहा फी असते. तो आकडा मी पिंगुळीला कळू दिला नव्हता. पण थोरलीने व्हिडिओ कॉलवर सगळं सांगून टाकलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “शाळेक छप्पर नाय, भिंती नाय, मगे पैशे कित्याचे घेतत?”

“जंगलाचे,” मी म्हणालो.

“जंगल हंय फुकट गावता. दोघांकय हंय धाडून दी.”

हिशेब बरोबर होता. त्यात तिला गोचिडींचं सांगितलंच नव्हतं. पिंगुळीत गोचीड म्हशीला लागते. इथे ती जंगलातून आलेल्या मुलाला लागते, म्हणून संध्याकाळी बापाने मुलाला उघडं करून काखेत, मानेवर, कानामागे बॅटरी मारून बघायचं. गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूच्या तापाची लसही टोचून घ्यायची. आम्ही राहतो त्या राज्यात जवळजवळ सगळीकडे तो धोका आहे. म्हशीच्या कानामागे कधी हात न घातलेला मी, दीड-दीड तास पोरांचे कान तपासत बसतो. बायको साताऱ्याची. ती म्हणते, “तुमच्या कोकणात म्हशीपण एवढ्या लाडाच्या नसतात.”

आम्ही स्टुटगार्टला राहतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत. पण माझ्या मते जोडी जमवताना काहीतरी गडबड झाली. स्टुटगार्टचं खरं जुळं कुडाळ. इथल्या लोकांची बोली, श्वेबिश, बाकीच्या जर्मनांना कळत नाही आणि ह्यांना त्याचं काही वाटत नाही. १९९९ साली ह्या राज्याने स्वतःची जाहिरात काढली, तिचं ब्रीदवाक्यच असं होतं की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन येत नाही. हे वाचून मला पहिल्यांदा इथे घरी आल्यासारखं वाटलं. शाळेत आमच्या मराठीच्या गुरुजींनी “खंय” आणि “थंय” काढून टाकण्यासाठी पाच वर्षं खर्च केली होती. इथे असते तर राज्याने त्यांना पोस्टरवर छापलं असतं.

आणि ह्यांचे माउल्टाशेन. करंजीच्या कुळातलाच पदार्थ, आत मांसाचं सारण, रश्श्यात सोडतात. गोष्ट अशी सांगतात की माउलब्रॉन मठातल्या साधूंना ईस्टरआधीच्या उपासात मांस वर्ज्य होतं, म्हणून त्यांनी ते कणकेच्या आत लपवलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. लोक त्याला लाडाने ‘देवाला फसवणारे’ म्हणतात. आमच्याकडे असली लबाडी नाही. आम्ही श्रावण पाळतो, गणपती पाळतो आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सरळ मान ठेवून बांगड्यांच्या रांगेत उभे राहतो.

सणांचं मात्र इथे जरा अवघड आहे. सण पंचांगाप्रमाणे येतो आणि सुट्टी जर्मनीप्रमाणे, त्यामुळे परदेशातला प्रत्येक देव शनिवारी येतो. मंगळवारी आलेला गणपती शनिवारपर्यंत वाट बघतो, दसरा मागे सरकतो, कोजागिरीला चंद्र चार दिवसांनी झिजलेला असतो. २०२३ साली तर वेगळंच झालं. संत मार्टिनचा दिवस ११ नोव्हेंबर, तो शनिवारी आला, आणि चावदिस, म्हणजे आपली नरकचतुर्दशी, १२ला रविवारी.

मार्टिनच्या संध्याकाळी मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत अंधारातून मिरवणुकीने जातात. पुढे घोड्यावर मार्टिन. त्याने म्हणे थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला स्वतःचा झगा तलवारीने अर्धा कापून दिला. “अर्धाच का?” धाकट्याने विचारलं. तो तेव्हा तीन वर्षांचा. मी म्हणालो, म्हणूनच तो इथे इतका आवडतो, पूर्ण दिला असता तर लोकांनी उधळ्या म्हटलं असतं. थोरलीचा कंदील त्या दुपारीच पावसात भिजून लापशी झाला होता. म्हणून बाल्कनीतला आकाशकंदील काढला आणि काठीला बांधून दिला. षट्कोनी, खाली लांब झिरमिळ्या. मिरवणुकीत बाकीचे कंदील घुबडाचे, साळिंदराचे, चंद्राचे, आणि मध्ये आमचा हा वऱ्हाडातून चुकून आल्यासारखा झुलतोय. एका आईने विचारलं, पुढच्या वर्षी पालकांसाठी कार्यशाळा घ्याल का? मी हो म्हणालो. आमच्या घरी आकाशकंदील वडील करायचे आणि त्यांच्या कार्यशाळेत मुलांचं काम खळ पातळ झाली म्हणून बोलणी खाण्याचं होतं, ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चावदिस. आमच्याकडे अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि “गोविंदा, गोविंदा” ओरडायचं. कारीट म्हणजे कडू जहर छोटंसं फळ, नरकासुराच्या बदल्यात. पिंगुळीत ते कुंपणावर लटकलेलं असतं. स्टुटगार्टात नरकासुराच्या जागी काय? बायकोने फ्रिज उघडला आणि ब्रुसेल्स कोबीचा एक चिमुकला गड्डा काढून दिला. आकार तोच, रंग तोच, मुलांच्या मते चवही तीच.

तुळस थंडीला भिऊन बाहेर जगत नाही, म्हणून तिची कुंडी जिन्याच्या खिडकीत. म्हणजे नरकासुर फोडायचा जिन्यात. आता अडचण अशी की इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी तर अख्खा दिवस. रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाहीत, गवत कापत नाहीत, रिकाम्या बाटल्या डब्यात टाकत नाहीत. आम्ही पहाटे साडेपाचला चौघेही उटणं फासून, नवे कपडे घालून जिन्यात उभे. मी दबक्या आवाजात सूचना दिली: “गोविंदा कुजबुजायचं.”

थोरलीने गड्डा फोडायचा प्रयत्न केला. पण कारीट पिचतं आणि कोबी पिचत नाही. तो अंगठ्याखालून सटकला आणि जिना उतरायला लागला. टप. टप. टप. रविवारच्या त्या शांततेत एकेक पायरी ऐकू येत होती. मधल्या माळ्यावर वळणाशी थांबला असं वाटलं, मग पुन्हा टप. आणि आम्ही चौघे, कुजबुजत, “गोविंदा... गोविंदा...” शेवटी तळमजल्यावर एका दाराला लागून तो थांबला. दार उघडलं. खालच्या आजी, गाऊनवर शाल, हातात आमचा नरकासुर. वर बघून म्हणाल्या, हा आधी उकडायला लागतो.

दुपारी आम्ही त्यांना फोव, म्हणजे पोहे, नेऊन दिले. गोडे, तिखट आणि दुधातले. दुधातले आवडले. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची होती. इथे ती पाळी दर आठवड्याला वेगळ्या घराकडे जाते आणि दारावर तशी पाटी लागते. माझ्या आईला ही पद्धत सांगितली तेव्हा ती म्हणाली, पाटी लावून सुना कामं करतात असं तिने पहिल्यांदाच ऐकलं.

चवथीला आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातलं सगळं लोंबकळवायचं: कवंडळं, हरणं, कांगणी, तेरडा, सुपारीचे घोस, तवसं, नारळ, आंब्याचे टाळे. २०२४ साली गणपती शनिवारीच आला, ७ सप्टेंबरला. पंचांगाने आमच्यावर दया केली. पण भाड्याच्या घराच्या छताला भोक पाडायचं म्हणजे घर सोडताना त्या भोकाचा हिशेब द्यायचा. म्हणून कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड बाप्पाच्या दोन्ही बाजूंना तंगड्या टाकून उभा केला. वर सफरचंदं, मक्याची कणसं, द्राक्षांचे घड, रानगुलाबाची लाल फळं, मुठीएवढे भोपळे. थोरली जंगलात शिकलेली, त्यामुळे ती तपासनीस. एक लाल घोस तिने बाद केला, कच्चा खाल्ला तर पोट बिघडतं म्हणून. मी म्हणालो, “अगं, कवंडळ तरी कोण खातं? कडू जहर असतं.”

“मग टांगायचं कशाला?”

“बाप्पाला बघायला.”

तिला ते पटलं. तिला एकच सांगायचं होतं की मोजे तरी काढा. एका बाजूला धाकट्याचे दोन मोजे खरंच राहिले होते आणि आरतीच्या सगळ्या फोटोंत ते आहेत. विसर्जन बाल्कनीत, बादलीत. मातीचा बाप्पा विरघळला, ती माती कुंडीत गेली आणि त्यात पुढल्या वर्षी टोमॅटो आले. हे सगळं ठीक होतं, पण थोरलीने विचारलं, “पिंगुळीचा बाप्पा पण बादलीत जातो?” आणि मग मला तिकिटं काढावी लागली.

इथे शाळा बुडवून गावी नेलं तर आईबापांना दंड होतो. पण २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि ह्या राज्याची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. मोपाच्या विमानतळावर उतरलो, बांदा, सावंतवाडी, झाराप करत पिंगुळीत शिरलो तेव्हा पाऊस धोधो पडत होता. पोरांनी गाडीतूनच विचारलं, “विजारी कुठल्या बॅगेत आहेत?”

आईने त्या विजारी बघितल्या. धाकटा पट्टे लावून, टोपी चढवून पडवीत उभा. “ह्या काय रे मेल्या? बांय उपसूक उतरतलंस काय?” शेजारच्या दोघी-तिघी कापड चाचपून गेल्या. अण्णाकाकांनी पट्टा ओढून बघितला, पाणी ओतून बघितलं. आमचा पुतण्या मात्र पडवीत मोबाइलवर क्रिकेट खेळत होता. माझी दोन्ही पोरं अंगणातल्या डबक्यात जाऊन बसली, तेव्हा त्याने मान वर करून शांतपणे विचारलं, “काका, जर्मनीत पावस पडणा नाय?”

“जंगल कुठून सुरू होतं?” थोरलीने आजीला विचारलं. तिच्या बालवाडीत जंगलाला एक सुरुवात होती, तिथे सगळे गोल करून उभे राहत. आजी विचारात पडली. घरामागे परडं, परड्यामागे कुणगे, कुणग्यांपलीकडे राई. ह्यातलं जंगल खंयसून, असं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाली, “परड्यात जाव नको. थंय जनावर आसता.” आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. पोरीला हे कुठून माहीत! ‘जनावर’ ऐकून दोघांचे डोळे चमकले, हरीण की रानडुक्कर ह्यावर पैज लागली आणि आजी अडवायच्या आत दोघं परड्यात.

माटवीचं सामान आणायला ती अण्णाकाकांबरोबर गेली. दोन तासांनी परत आली ती थक्क होऊन. काकांना प्रत्येक वेलीचं नाव येतं, कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्याने खाज सुटते, सगळं येतं. “पपा, त्यांनी कुठला कोर्स केलाय?” मी म्हणालो, सातवी. दोनदा.

गुढीपूरलाही नेलं. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्या परशुराम गंगावणे यांनी जपल्या, घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि मी? २०१५च्या थंडीत जर्मनीत नवा होतो तेव्हा स्टुटगार्टच्या लिंडन संग्रहालयात छायानाट्याचं प्रदर्शन भरलं होतं. तिकीट काढून, कोट जमा करून, बाहुलीपुढे हाताची घडी घालून मी गंभीर चेहऱ्याने उभा राहिलो होतो. पिंगुळीत असताना ठाकरांचा खेळ आहे म्हटलं की आम्ही शेंगदाण्यांच्या पुड्या घेऊन जायचो आणि पुडी संपली की परत यायचो.

पडद्यामागे दिवा लागला, हुडुक वाजला, चामड्याचा रावण थरथरत पुढे आला. धाकटा माझ्या कानाशी आला. “मगर कधी येते?” जर्मनीत कास्पर नावाच्या बाहुल्याचा खेळ असतो, त्यात मगर येतेच येते आणि कास्पर तिला बडवतो. मी म्हणालो, ह्या खेळात मगर नाही. हिरमुसून म्हणाला, “मग रावणाला कोण खातं?”

गणपतीत आमच्याकडे आरती-भजनाची मंडळी घरोघर फिरतात. आमच्या घरी पोचायला त्यांना रात्रीचे पावणेदहा झाले. पखवाज तापला, झांजा सुरू झाल्या, चहा-उसळ फिरली. दहा वाजले आणि थोरली उठली. तिने घड्याळाकडे बघितलं, मग बुवांकडे, आणि तोंडावर बोट ठेवलं. बुवा गाता गाता थांबले. तिने समजावलं की दहा वाजलेत, आता पोलीस येतात.

“गो बाय,” बुवा म्हणाले, “पोलीस इलोच आसा. पकवाजावर कोण बसलो हा, बग.”

खरंच, पखवाजी पोलिसांत आहे. रजा काढून आला होता.

शेवटी गाऱ्हाणं. अण्णाकाकांनी हात जोडले, बाप्पाला घरच्या अडचणी सांगायला सुरुवात केली आणि एकेका मागणीला अख्ख्या पडवीने “व्हय म्हाराजा!” ठोकलं. धाकट्याने माझा सदरा ओढला. “पपा, कुजबुजायचं?”

“नाही रे. ओरड.”

“किती?”

“हवं तेवढं.”

पुढच्या “व्हय म्हाराजा”ला शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. त्यानंतर त्याला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. जेवतोस का, व्हय म्हाराजा. अंघोळ झाली का, व्हय म्हाराजा. परत जाताना जर्मनीच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाने, तूच का हा, असं त्याला विचारलं तेव्हाही त्याने काचेवर हात टेकून तेच ठोकलं. साहेबाने शिक्का मारला.

गौरीबरोबर बाप्पा गेले, व्हाळात, पाटावरून, दोघं पोरं गुडघाभर पाण्यात. दुसऱ्या दिवशी त्याच व्हाळावर अण्णाकाका गरी टाकून बसले. थोरली काळजीत. जर्मनीत बहुतेक ठिकाणी मासे पकडायला परवाना लागतो आणि त्याआधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, त्यांचे अवयव, नियम, सगळं त्यात येतं. “काका, तुमची परीक्षा झाली का?”

“खयची?”

“मासे पकडायची.”

काकांनी पाण्यात बघितलं. तासभर झाला होता, गरी हलली नव्हती. “बाय, हंय परीक्षा माशे घेतत. आज आमी नापास.” आणि कुडाळच्या बाजारातून बांगडे घेऊन आले.

विजारी तिथेच राहिल्या. चिखलाने माखलेल्या विजारी बॅगेत घालायला बायको तयार नव्हती. परवा आईचा फोन आला होता, तेव्हा अण्णाकाकांनी मध्येच तो हातातून घेतला. धाकट्याची विजार त्यांनी उलटीपालटी करून नीट बघितली होती आणि पुढच्या मिरगाच्या आत, लावणीला, स्वतःच्या मापाची एक हवी होती. कंबर चाळीस. मी म्हणालो, बघतो, मोठ्यांची मिळते का ते. फोन ठेवता ठेवता म्हणाले, “आणि अस्तराची नको हां. हंय हिवाळी चिकल नाय.”